महाजन सरांची पैज

महाजन सर समोरून येताना दिसले की आमच्या गल्लीतली माणसं आधी आपल्या शर्टाकडे बघतात. कारण सर तिकडेच बघत असतात. माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येत नाही असं नाही, पण तो येतो सावकाश. डाग मात्र ते पार चौकातून ओळखतात.

माझ्या दिराच्या लग्नातली गोष्ट सांगते. नवरीचे मामा फोपनारच्या केळीच्या बागेतून तसेच मांडवात आले होते. सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "शर्ट काढा." झालं! मामांनी बाह्या सरसावल्या, माझी सासू पाटावरून उठली. आमचे हे धावत मध्ये पडले. "मामा, भांडण नाही हो, सर रसायनशास्त्राचे आहेत." यातून मामांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी शर्ट काढला. सरांनी आपला कडक इस्त्रीचा शर्ट त्यांच्या अंगात घातला आणि स्वतः नुसत्या बनियनवर उभं राहून अक्षता टाकल्या. मामांच्या बाहीवर केळीचा डाग होता, आणि तो सरांना फार सुंदर वाटला होता.

ज्यांच्याकडे केळी पिकत नाहीत त्यांना हे कळायचं नाही. घड कापला की देठातून चीक गळतो. गळताना अगदी पाण्यासारखा, दिसतही नाही. वाळला की तांबूस, मग काळपट, आणि मग कपडा फाटेल पण डाग हलणार नाही. म्हणून आमच्या बुऱ्हाणपुरात बागवाल्यांच्या घरी 'केळीचे कपडे' वेगळेच असतात, आणि ते घासून घासून हात सोलून घेणाऱ्या बायकाही असतात. त्यातली एक मी.

सर इथल्या एका कॉलेजात शिकवतात आणि त्यांचं संशोधन आहे हरित रसायनशास्त्रात. म्हणजे काम रसायनाचं करायचं, पण मागे विष ठेवायचं नाही. रिक्षावाले त्यांना 'ग्रीनवाले सर' म्हणतात. डाग काढायचा तो केळीच्या सालीची राख, ताकाची निवळी, लिंबू आणि ऊन एवढ्यावरच, ही त्यांची अट. मी एकदा वैतागून बाजारातून ॲसिडची बाटली आणली, तर शेजारचे सर वासावरून भिंतीपलीकडून हजर!

"वहिनी, डाग निघाला?"

"निघाला."

"जातो कुठे?"

"मोरीत."

"मोरी जाते कुठे?"

"गटारात."

"आणि गटार?"

"तापीत हो सर! चहा घ्या आणि घरी जा."

"म्हणजे डाग निघाला नाही, वहिनी. तुमच्या शर्टावरून उठून तापीला लागला."

हे 'जातं कुठे?' म्हणजे डोक्याला नुसता ताप. रंगाऱ्याच्या दारात उभे राहून विचारतात, लग्नाच्या पंगतीत हात धुताना विचारतात. आमच्याकडे चहा प्याले तर कप स्वतः राखेनं घासतात. माझ्या महागाच्या भांड्यांच्या साबणाकडे असं बघतात की मलाच तो लपवून ठेवावासा वाटतो.

या वेडाचं मूळ मात्र कॉलेजात नाही, ते फोपनारला आहे. सरांची सासुरवाडी तिथली. लग्नानंतर पहिल्यांदा जावई गावात आले ते पांढराशुभ्र शर्ट घालून, आणि थेट केळीच्या बागेत शिरले. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची नवी बायको, तिथे घड उतरवत होत्या. त्यांनी चिकानं भरलेला हात सरळ नवऱ्याच्या छातीवर ठेवला. पाचही बोटं, तळव्यासकट! सर तेव्हा ताठ्यात म्हणाले, "संध्याकाळच्या आत काढून दाखवतो. एम.एस्सी. आहे मी."

"काढा ना," वहिनी म्हणाल्या. "निघाला तर शास्त्रज्ञ म्हणेन. तोवर मास्तर."

ती संध्याकाळ काही आली नाही. सरांना पुढे डॉक्टरेट मिळाली, सत्काराचे फोटो भिंतीवर लागले, पण घरात ते मास्तरच राहिले. रोज तिन्हीसांजेला आमच्या सामाईक भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज यायचा, "काय मास्तर, निघाला का?" आणि सरांचं उत्तर ठरलेलं, "होईल, होईल." ते ऐकल्याशिवाय मी कुकर लावत नसे. दोन वर्षांपूर्वी सुमनवहिनी गेल्या. तिन्हीसांजेला इतकं सुनं वाटायचं की मी रेडिओ मोठ्यानं लावायला लागले.

आणि यंदा उन्हाळ्यात डाग निघाला की हो! सरांच्या हाताखाली फरहाना नावाची मुलगी संशोधन करते. विणकरांच्या घरची आहे, कापड नुसतं चिमटीत धरून सूत सांगते. ती आमच्या दारावरून ओरडत गेली, "सर, निघाला! पूरा निघाला, किनार भी नहीं राहिली!" निवळीत किती वेळ, लिंबू कधी, ऊन कितीचं, सगळं जुळून आलं होतं. गल्लीतल्या बायकांनी गाठोडी बांधून कपडे आणले. आमच्या ह्यांचे शर्ट असे पांढरे निघाले की हे बागेत जायला तयार होईनात. मी देवापुढे साखर ठेवली.

चार दिवसांनी सकाळी सर माझ्या गच्चीवर आले, कारण ऊन माझ्याच गच्चीवर पडतं. मागे घमेलं घेऊन फरहाना. सरांच्या हातात तो पाच बोटांचा शर्ट होता. मी बघताक्षणी ओळखला.

"सर, हा नाही," मी म्हटलं.

"पैज ह्याच शर्टाची होती, वहिनी. बाकीचे सगळे सराव."

"अहो, पण सुमनवहिनी कुठे आहेत आता?"

"ती नाही म्हणून पैज सुटत नाही. तुम्ही साक्षीदार."

माझा पाराच चढला. "अक्कल गहाण टाकली का तुम्ही? हा हात गेला तर परत कुठून आणणार?" निवळीत शर्ट रात्रीच भिजवून झाला होता. सरांनी लिंबू कापलं आणि पिळायला लागले. अर्धा रस पायावरच सांडला.

संध्याकाळी वाळलेला शर्ट उचलला, तर करंगळी गेलेली! बाकीची चार बोटं होती, तळवा होता, पण करंगळीच्या जागी नुसतं पांढरं कापड. मला रडूच फुटलं. "बास झालं, घरी न्या," मी म्हटलं.

"तीनदा केल्याशिवाय त्याला प्रयोग म्हणत नाहीत," सर म्हणाले.

"सर, एक बार बहुत है," फरहाना म्हणाली. मुलीचेही डोळे भरले होते. पण ऐकतील तर ते महाजन सर कसले! इतक्या वर्षांचा मुरलेला डाग, दुसऱ्या खेपेला चार बोटं जागची हलली नाहीत. मला वाटलं, सुटलो. तर पुन्हा निवळी, पुन्हा लिंबू, पुन्हा राख. तिसऱ्यांदा शर्ट उन्हात टाकल्यावर मी त्यांच्या समोरच जाऊन बसले.

"खरं सांगा. निघावा असं वाटतं की राहावा?"

"आमच्या शास्त्रात असं वाटून चालत नाही, वहिनी," ते म्हणाले. मग उठून त्यांनी शर्टाची दुमडलेली बाही सरळ केली. "राहावा," म्हणाले. "राहावा हो. पण तिला फसवून नको."

दिवस कलला तेव्हा त्यांनी शर्ट उचलला आणि उजेडाकडे धरला. फरहानानं माझा हात घट्ट धरला होता. चार बोटं आणि तळवा, अगदी तसेच्या तसे. सर कठड्यापाशी गेले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "सुमन, हरलो गं! हरलो!"

त्या संध्याकाळी सरांनी गल्लीभर मावा जिलेबी वाटली. लोक विचारायचे, "सर, शोध लागला वाटतं?" सर प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवत म्हणायचे, "नाही हो, फसला! पार फसला!" लोक बिचारे जिलेबी खात अभिनंदन करायचे. मी चार खाल्ल्या, साखरेचं पथ्य असून.

नंतरच्या आठवड्यात फोपनारच्या बायकांना डाग काढायची रीत दाखवायला आम्ही गेलो. देवळाच्या ओट्यावर घमेली मांडली. सरांनी नेमका तोच शर्ट घातला होता, पोटावर जरा तंग. बायकांचे पदर, झंपर, पोरांचे सदरे एकेक करून स्वच्छ निघत गेले, आणि बायका तोंडाला हात लावून बघत राहिल्या. मग एका म्हाताऱ्या मावशींनी सरांच्या छातीकडे बोट दाखवलं.

"सर, दुसऱ्याचे डाग काढून राहिले, अन् स्वतःचा तसाच?"

"हा नाही निघत, मावशी. तीनदा करून बघितलं." सरांनी त्या चार बोटांवर आपला हात ठेवला आणि लहान पोरासारखे हसले. "एक करंगळी तेवढी निघाली. करंगळीपुरता मी शास्त्रज्ञ. बाकी मास्तरच."