दोन गाद्यांचा संसार

यशश्री व्हिडिओ कॉलवर जर्मनीतलं नवीन घर दाखवत होती, तेव्हा अच्युतराव खिडक्या मोजत होते आणि कुमुदताई बेडरूम बघत होत्या. कॉल संपला तशा त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, पलंग एक, पण गाद्या दोन! पांघरुणंही दोन! पोरांचं बिनसलंय."

लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. मुलीला सरळ विचारावं, असं एखाद्या साध्या माणसाला सुचलं असतं. पण अच्युतराव कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. (विद्यार्थ्यांना त्यांचा एकही तास आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.)

"विचारायचं नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात दोघं जबलपूरला येऊन राहिलेत ना? आपण वातावरण तयार करू."

वातावरण म्हणजे चार फुटी पलंग. माणसं कितीही रुसली, तरी चार फुटांत किती लांब जातील? त्यावर नवी, मऊ गादी हवी म्हणून ते गोहलपुरातल्या गादीवाल्याकडे गेले.

"साहब, चार फुट में आठ किलो रुई बहुत है।"

"पंद्रह डालो भैया. बेटी-दामाद का मामला है."

"बीच में ऊँट बैठ जाएगा, साहब!"

"बैठने दो."

मुलं आली. हसत आली, जेवली, गप्पा मारल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतराव दूध घ्यायला बाहेर आले, तर जावई हॉलमधल्या सोफ्यावर, सहा फुटांचा देह दुमडून झोपलेला. खोलीत डोकावले, तर यशश्री जमिनीवर सतरंजी टाकून. आणि पलंगावर ती गादी, एकटीच, पोट फुगवून. कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला.

चहाच्या वेळी अच्युतरावांनी घसा साफ केला. "राजसराव, मनात ठेवू नका. तुम्हा दोघांच्या मध्ये काय आलंय?"

राजस संकोचला. "सांगू का बाबा? तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटू द्या. बोला."

"मध्ये फार उंच आहे."

"उंच?" स्वयंपाकघरातून कुमुदताई ओरडल्या. "म्हणजे तिकडचीच असणार!"

"नाही आई, इकडचीच आहे. जवळ सरकायला गेलं, की यशू त्या बाजूला पडते, मी या बाजूला."

"हे केव्हापासून चाललंय?" अच्युतरावांनी कप खाली ठेवला.

"काल रात्रीपासून."

"जबलपुरात?"

एवढ्यात यशश्री कंबर चोळत आली. सगळं ऐकून आधी तिला काही कळेना, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना.

"बाबा, तिकडे बऱ्याच घरांत डबल बेड असाच असतो. चौकट एक, गाद्या दोन. याला कडक लागते, मला मऊ. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबाही तसेच झोपतात, पंचावन्न वर्षांचा संसार आहे त्यांचा! तुम्ही मला काहून नाही विचारलं?"

महिनाभर अच्युतरावांच्या छातीवर असलेला दगड उतरला. मुलांना त्यांनी तिथल्या तिथे आपला सहा फुटी पलंग देऊन टाकला. कुमुदताई रडता रडता हसल्या, पोह्यांत दुप्पट शेव घातली आणि मग एकदम विचारात पडल्या.

"एकाने कूस बदलली, तर दुसऱ्याला कळतच नाही?"

"अजिबात नाही, आई."

"लाथ मारली तर?"

"गादी वेगळी असते ना!"

कुमुदताईंनी अच्युतरावांकडे बराच वेळ बघितलं. चौतीस वर्षांचा हिशेब होता त्या बघण्यात.

मुलं आनंदात परत गेली. दुसऱ्याच दिवशी ती पंधरा किलोची गादी रिक्षात बसून गोहलपूरला गेली. त्याच कापसाच्या, आपल्या सहा फुटी पलंगासाठी दोन गाद्या करायच्या, असं कुमुदताईंनी ठरवलं होतं. आठवड्याने अच्युतराव त्या आणायला पोचले. गादीवाल्याने आधी चार फुटी, गुबगुबीत गादी दाखवली.

"ये भाभीजी की है। नाप उन्होंने फोन पे लिखवाया था।"

मग कोपऱ्यातून त्याने दोन फूट रुंदीची एक वळकटी काढली.

"और ये, साहब, बच्चे की।"

घरात बच्चा कोणी नव्हता. अच्युतरावांनी आपली गादी काखोटीला मारली.