सतराव्या विमानास अकरावे केल्याची हकीकत

श्रीवायुनंदन समर्थ. ज्याने आकाश केले त्यास नमन, ज्यांनी आकाशात यंत्रे उडविली त्यांस नमन, आणि ज्यांनी ती यंत्रे खाली उतरवून त्यांभोवती तारेचे कुंपण घातले त्या सरकारासही नमन, कां जे तेथे नमन न केलिया कागद पुढे सरकत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, तेथे राहणारांस ते ठाऊकच आहे. राजधानीपासून चार कोसांवर त्या राज्याचा विमानखाना होता. पूर्वी हत्ती म्हातारे जाहले म्हणजे राजे त्यांस पीलखान्यात ठेवून चारा घालीत, तैसी लढाईची विमाने म्हातारी जाहली म्हणजे येथे आणून उभी करीत, आणि चारा काही घालीत नसत. एकंदर तेवीस विमाने. एक बाँब टाकणारे होते, त्याचे पोटात कबुतरांनी संसार मांडला होता. एक फौजेचे सामान वाहणारे धिप्पाड, त्यात उपाहारगृह केले होते, आणि लोक मिसळ खाऊन त्याचेच पंखास हात पुशीत. एक शत्रूकडील पाडाव केलेले, ते सर्वांत चकचकीत, कां जे त्यापुढे उभे राहून फोटो काढण्याचा प्रजेस भारी शोक. बाकीच्यांच्या पत्र्यावर बदाम कोरून प्रेमिकांनी आपापली नावे लिहिली होती. "विमानास हात लावू नये" ऐसी पाटी होती, तीस टेकून लोक विश्रांती घेत.

या विमानखान्याचे दारोगे हैबतराव खानविलकर, वय वर्षे बहात्तर. पूर्वी हवाई फौजेत फिटर होते, म्हणजे वैमानिक उडतो ते यंत्र उडावयाजोगे ठेवणारे. पेन्शनीत निघाले, घरी करमेना, मग येथे चाकरीस राहिले आणि रोज सकाळी तेवीस विमानांची धूळ झाडू लागले. त्यांत क्रमांक सतराचे छोटे लढाऊ विमान होते, ते झाडताना मात्र त्यांचा हात जड होई. त्याचे कारण ऐसे. पन्नास वर्षांमागे शेजारच्या राजाशी चौदा दिवसांची लढाई जाहली, ते समयी हैबतराव बावीस वर्षांचे होऊन सतराव्याचे फिटर होते. फौजेचा शिरस्ता ऐसा की, प्रत्येक विमानाचा एक उड्डाणपत्राचा कागद असे. फिटराने विमान तपासून त्यावर सही करावी, मग वैमानिकाने तो कागद वाचून खाली आपली सही करावी, मगच शिडीवर पाय ठेवावा. फिटराने तांबड्या शाईने दोष लिहिला तर खुद्द सरलष्करांसही त्या विमानात बसता येत नसे. लढाईचे दुसरे दिवशी जयवंतराव मोकाशी नामे तरुण वैमानिक सतराव्यात बसावयास आले, आणि हैबतरावांनी शेपटीकडील सुकाणूच्या दांड्यावर भिंग धरून पाहिले तो तेथे बारीक रेघ दिसली. त्यांनी तांबडी शाई काढिली. वरिष्ठ धावत आले, त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले की हा तडा नव्हे, हा केस आहे, पुसून टाक. हैबतरावांनी पुसून पाहिले, रेघ जाईना. मग जयवंतराव शेजारच्या अकराव्या विमानात बसून गेले, आणि त्यांनी शत्रूची दोन विमाने पाडून मोठा लौकिक मिळविला. अकराव्याचे पोवाडे जाहले. सतरावे चौदाही दिवस छपरात उभे राहिले, दांडा काढून तपासणीस दूरच्या डेपोत गेला, त्याचे उत्तर आले नाही, आणि फौजेत हैबतरावांचे नाव केसवाले पडले. ऐन लढाईत केसाला भिऊन विमान अडविले ऐसी थट्टा मेसमध्ये होई, पुढे लग्नाकार्यात होई, आणि हैबतराव हसण्यावारी नेत. परंतु मनात एक खिळा रुतून राहिला तो राहिलाच. खरेच केस असता तर काय, ऐसे त्यांस पन्नास वर्षे वाटत राहिले. नजर चुकली असेल तर सबंध जन्माची नोकरी खोटी, ऐसे त्यांचे गणित होते.

आता शके सत्तेचाळीसात विजयाचा सुवर्णमहोत्सव आला आणि महाराजांची मर्जी जाहली की, पराक्रमी अकरावे विमान विमानखान्यात नाही हे काय, ते मंगवावे आणि आम्ही खासा पडदा ओढून प्रजेस दाखवावे. हुकूम निघाला, आणि दप्तरे चाळता ऐसे निघाले की, अकरावे विमान वीस वर्षांमागे सरकारानेच मोडीत काढिले, आणि त्याचा पत्रा वितळून कढया व पराती जाहल्या. कोणा कोणाचे घरी ते विमान अद्याप रोज चुलीवर चढत असेल, परंतु ते महाराजांस कोण सांगणार. तेव्हा विमानखात्याचे चिटणीस त्रिंबकपंत सबनीस पुढे सरसावले. हे पंत मोठे हुशार. त्यांची ख्याती ऐसी की, कोणताही कागद आला तरी ते तो तळाकडून पाहत. तळास सही व शिक्का असला म्हणजे कागद खरा, नसला म्हणजे खोटा, आणि वरचा मजकूर ही लिहिणाराची हौस, ऐसे त्यांचे मत होते आणि त्याच मतावर ते बढत्या पावत आले होते. पंतांनी मनसुबा केला की, सतरावे त्याच जातीचे, त्याच मापाचे, त्यावर अकराचा आकडा घालावा म्हणजे अकरावे जाहले. फक्त जाणकाराचे एक प्रमाणपत्र असावे की हेच ते, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर दाखवावयास बरे. आणि जाणकार तो कोण, तर हैबतराव.

पंत विमानखान्यात आले, खुर्चीवर बसले आणि मोठ्या गोडीने बोलिले. शाल, श्रीफळ, मानाची तलवार, महाराजांचे हस्ते, आणि संगमरवरी पाटीवर 'अकराव्या विमानाचे फिटर' म्हणून नाव कोरणार, ऐसे सर्व सांगितले. हैबतराव म्हणाले की, साहेब, हे सतरावे आहे, हे लढाईला गेले नाही. पंत म्हणाले की, त्यात विमानाचा दोष काय, त्याला पाठविले असते तर तेही गेलेच असते. मग आवाज उतरवून म्हणाले, "खानविलकर, लोक तुम्हाला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. एका सहीत ते सगळं पुसून जाईल. विचार करा." हे बोलणे हैबतरावांस वर्मी लागले, कां जे ते खोटे नव्हते. सही केली असता अडविलेले विमान जगात उरतच नव्हते, आणि अडविणाराही उरत नव्हता.

हैबतराव घरी आले आणि जेवताना कुटुंबास सगळे सांगितले. सुभद्राबाई वाढता वाढता थांबल्या आणि बोलिल्या, "करा की सही. माझ्या भावाच्या लग्नात सुद्धा केसवाले म्हणून चिडवलं होतं तुम्हाला, मी विसरले नाहीये. आता आपणहून तलवार देताहेत तर घ्या. कुणाच्या बापाचं काय जातंय?" हैबतराव म्हणाले की, सहीचा अर्थ असतो. बाई म्हणाल्या, "अहो, उडायचंय का त्याला आता?" हैबतराव ताटावरून उठले. लोभ सुटला नाही ऐसे कोणी म्हणेल तर तो लबाड. शाल अंगावर कैसी दिसेल हे त्यांनी आरशात उभे राहून पाहिलेही, आणि मग स्वतःचीच लाज वाटून टोपी घालून विमानखान्यात परत गेले.

तेथे गेले तो रंगारी येऊन लागले होते. हे रंगारी इमारतखात्याचे. महाराजांची स्वारी येणार म्हणजे रस्त्याकडेच्या झाडांस खाली गेरू आणि वर चुना लावावयाचा हा त्यांचा वंशपरंपरेचा दस्तूर. राजधानीपासून झाडे रंगवीत रंगवीत ते कुंपणाआत शिरले आणि त्याच हाताने विमानाची तिन्ही चाके खाली गेरू वर चुना ऐसी रंगवून मोकळे जाहले. मग एका अंगास अकराचा आकडा घातला, आणि दुसऱ्या अंगास रंग पुरेना म्हणून सतरा तैसाच ठेविला. पंतांनी ती बाजू भिंतीकडे करविली. हैबतराव हे सारे पाहत उभे राहिले. मग शेपटीकडे गेले आणि सुकाणूवर हात ठेविला. तेथे नवा दांडा होता, जुना केव्हाच गेला होता, पाहावयाजोगे काहीच नव्हते. तरी त्यांचे मन तेथेच ठरले. तडा असो वा केस असो, त्या सकाळी जे डोळ्यांस दिसले तेच लिहिले होते, आणि आज जे दिसत नाही ते लिहावयाचे कारण नाही. मग खोलीत जाऊन त्यांनी जुन्या पेटीतून उड्डाणपत्राचा एक कोरा कागद काढिला, तांबडी शाई घेतली आणि लिहिले ते ऐसे: "विमान क्रमांक सतरा. हे अकरा नव्हे. सुकाणूच्या दांड्यास तडा, सबब लढाईत गेले नाही. मी जाऊ दिले नाही. हैबत खानविलकर, फिटर." खाली सही केली, विमानखान्याचा शिक्का मारिला, आणि आता नोकरी गेली ऐसे समजून आपली हत्यारे पिशवीत भरून ठेविली.

दुसरे दिवशी पंतांचे हाती कागद दिला. पंतांनी नित्याप्रमाणे तळ पाहिला. सही होती, शिक्का होता. जुना पिवळा कागद पाहून फार खुश जाहले, तांबडी शाई शुभ आहे म्हणाले. हैबतरावांनी विनविले की, एकवार वाचून पाहावे. पंत म्हणाले, "वाचायचं काय त्यात? सही आहे ना तुमची?" मग कागद सोनेरी चौकटीत बसवून, वर झेंडूची माळ घालून, विमानाशेजारी खांबावर टांगिला. त्याखालून त्या दिवसांत दोन मंत्री, एक सरलष्कर, अकरा बातमीदार आणि शाळांच्या चार सहली गेल्या. सर्वांनी चौकटीस नमस्कार केला, कित्येकांनी तीसह फोटो काढिला, आणि वाचिले कोणीच नाही.

सोहळ्याचे दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून जयवंतराव मोकाशी यांस बोलाविले होते. लढाईनंतर ते दूरदूरच्या तळांवर गेले होते, आणि पेन्शनीत निघून डोंगरात लेकीपाशी राहत होते, त्यामुळे पन्नास वर्षांत या उभयतांची गाठ नव्हती. वय शहात्तर, हाती काठी, कान अंमळ मंद, डोळे मात्र लख्ख. महाराजांची स्वारी येण्यास अवकाश होता. जयवंतराव विमानाभोवती हिंडले, चाकांवरचा गेरूचुना पाहून मिशीत हसले, भिंतीकडच्या अंगास काठी टेकीत जाऊन आले, आणि मग खांबापाशी येऊन चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचू लागले. हैबतराव मागे उभे होते. वाचून होताच जयवंतराव वळले.

"खानविलकर ना तुम्ही?"

"होय साहेब."

"तो दांडा मी नंतर डेपोत पाहिला. लढाई संपल्यावर मुद्दाम गेलो होतो. तिथल्या माणसानं माझ्यासमोर हातोडीनं नुसती टिचकी मारली, आणि दोन तुकडे झाले."

हैबतराव एक पाऊल पुढे आले. जयवंतराव म्हणाले, "तुम्हाला कळवलं असेल ना? तीन प्रतींत कागद निघाला होता. मी पाहिला होता."

"नाही साहेब. मला कोणी सांगितलं नाही."

जयवंतरावांचा हात काठीवर घट्ट जाहला. ते म्हणाले, "मला वाटलं, पोचला असेल. मी स्वतः यायला हवं होतं. चुकलो. तुम्ही त्या दिवशी सही दिली असती तर लेकीचं तोंड काही मी पाहिलं नसतं." हैबतरावांचे डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्यांनी पुसले नाही. पन्नास वर्षे रुतलेला खिळा उपटून निघाला, आणि निघताना दुखला तो फार दुखला. तीन प्रती कोणत्या तीन टेबलांवर तळाकडून पाहिल्या गेल्या ते त्या राज्याच्या दप्तरासच ठाऊक. मग जयवंतरावांनी झेंडूची माळ बाजूस सारिली, चौकट खांबावरून उतरविली, मागची पाठ काढून कागद हाती घेतला, आणि फिटराच्या सहीखाली वैमानिकाची जागा अद्याप रिकामी होती तेथे आपली सही केली.

इतक्यात त्रिंबकपंत धावत आले. वैमानिकाची सही पाहून त्यांस गहिवर आला, एकास दोन सह्या जाहल्या, आता शंकेस जागाच नाही म्हणाले, आणि चौकट जागचे जागी टांगून महाराजांस सामोरे गेले. महाराजांनी पडदा ओढिला, तोफा जाहल्या, आणि अकराव्या विमानाचा जयजयकार जाहला. फिटराचे नाव पुकारिले तेव्हा हैबतराव मांडवात नव्हते. तलवार पंतांनी त्यांचे वतीने स्वीकारिली, ती त्यांच्याच दिवाणखान्यात आहे.

हैबतराव घरी गेले. सुभद्राबाई दारातच विचारत्या जाहल्या की, शाल कुठे आहे. हैबतराव ओट्यावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "तडाच होता." बाई त्यांचे शेजारी येऊन बसल्या.

येणेप्रमाणे सतरावे विमान अकरावे जाहले. खरे काय ते शेजारी खांबावर तांबड्या शाईने लिहिलेले आहे, रोज हजार माणूस त्यापुढून जाते. जाहले ते लिहिले, अधिक उणे केले नाही. लेखनसीमा.