आधी मागचं दाव

आमचे ज्ञानोबा मामा कुणाच्याही घरी गेले तरी आधी बैठकीत बसत नाहीत. दारात चपला काढतात, "हाय का कुनी घरात?" असं विचारतात आणि कुणी उत्तर द्यायच्या आत थेट घराच्या मागच्या अंगाला जातात. मोरी, भांडी घासायची जागा, दोरीवरची धुणी, सगळं डोळ्यांखालून घालतात. मग पुढे येऊन टेकतात आणि पाणी मागतात. मागचं पाहिल्याशिवाय पाण्याच्या तांब्याला हात लावत नाहीत.

ईट गावात मामांची शेती आणि खव्याची भट्टी आहे, पण तालुक्यात त्यांचं नाव आहे ते सोयरिकीमुळे. स्थळ बघायला जायचं म्हटलं की लोक आधी मामांना गाडीत घालतात. "म्होरं समदेच सोफा मांडत्यात," मामा म्हणतात. "मागचं दाव." एकदा एका बड्या घरी पोहे, बर्फी, फेटे अशी जय्यत तयारी होती. मामा मागे गेले, दोन मिनिटांत परत आले आणि म्हणाले, "चला." कारण विचारलं, तर दोरीवर लेकींचे ड्रेस कोरे करकरीत होते आणि थोरल्या सुनेच्या साडीला ठिगळ होतं. सोयरीक तिथंच मोडली. त्या घरचे अजून मामांच्या नावानं बोटं मोडतात.

भूमला आमच्या घरी आल्यावरही मामा आधी मागेच जातात. पण आमच्याकडे एक जास्तीची तऱ्हा आहे. मागचं पाहून आले तरी आमचं पाणी पीत नाहीत. पिशवीतून स्वतःची बाटली काढतात. दूध दिलं तर घेतात, चहा नाही. जुनी माणसं लेकीबाळींच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्यातलंच काहीतरी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मामांची बहीण म्हणजे माझी आई. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण बाटली काही सुटली नाही.

तर माझी मुलगी ऋतुजा. दुग्धतंत्रज्ञान शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला परदेशातून दोन विद्यापीठांची पत्रं आली. एक इंग्लंडचं, मोठ्या नावाचं. दुसरं आयर्लंडचं, एका लहानशा गावातलं, ज्याचं नाव मला आठवडाभर नीट घेता येत नव्हतं. शुक्रवारपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. पंचायत समितीतल्या माझ्या ऑफिसात मी इंग्लंडचे पेढे आधीच वाटून बसलो होतो. ऋतुजा आयर्लंडचं नाव काढायची आणि मी म्हणायचो, "अगं, नाव बघ ना नाव!" मग ती गप्प बसायची. मी त्याला संमती समजत होतो.

बुधवारी मामा आले. मागे जाऊन आले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय चाललंय?" ऋतुजानं लॅपटॉप पुढे केला. इंग्लंडच्या विद्यापीठाची इमारत बघून मी पुन्हा एकदा हरखलो. हिरवळ, कारंजं, घड्याळाचा मनोरा!

"हे म्होरचं झालं," मामा म्हणाले. "मागचं दाव."

"मामा, हे विद्यापीठ आहे. याला परसदार नसतं," मी म्हणालो.

"मुतारी बी नसती का? दाव गं ताई."

आता इंटरनेटवरच्या नकाशात रस्त्यावरचे फोटो दिसतात म्हणे. ऋतुजानं बोटानं ढकलत ढकलत आम्हाला विद्यापीठाच्या मागे नेलं. उंच भिंत, कचऱ्याचे चार डबे, कुलूप लावलेलं फाटक.

"पोरी ऱ्हात्यात कुठं?"

ऋतुजा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा, हॉस्टेल भरलंय. लांब खोली शोधावी लागेल. बसनं दीड तास."

मला हे नवीनच होतं. "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं नाही, बाबा."

मग आयर्लंड. पुढे काही विशेष नव्हतं, आपल्या तहसीलसारखी इमारत. मामांना पुढच्यात रस नव्हताच. मागे हॉस्टेल लागूनच होतं. सायकली, एका खिडकीत कुंडी, दुसऱ्या खिडकीत वाळत घातलेले टॉवेल आणि पायरीवर उन्हाला ठेवलेले कुणाचे तरी बूट.

मामांनी नाक स्क्रीनला टेकवलं. "हितं मान्सं ऱ्हात्यात," ते म्हणाले. मग ऋतुजाकडे वळले. "तुला कुठं जावं वाटतंय?"

"इथं," ती म्हणाली. "दुधाचं काम इथंच चांगलं आहे. मी पहिल्यापासून सांगतेय."

तिनं त्याच संध्याकाळी आयर्लंडला होकार कळवला.

मी मामांना स्टँडवर सोडायला गेलो. पेढे वाटून बसल्यामुळे जरा फुगलेलोच होतो. गाडी लागायची होती. मामा बाकावर बसले आणि बाटलीशी चाळा करत बोलू लागले.

"तुझ्या आईसाठी तुमचं घर बगाया म्याच आल्तो. विशीतला व्हतो. बैठकीत बसवलं, शिरा दिला. लई ग्वाड व्हता. म्या व्हय म्हनून टाकलं. मागं गेलोच न्हाय."

मी शेजारी टेकलो.

"मागं आड नव्हता. नळ यीस्तोवर तिनं पार खालच्या मळ्यातनं डोक्यावर पानी वाह्यलं. एकदा बी बोलली न्हाय. मला त्ये पानी प्याची हिंमत न्हाय झाली."

ते पाणी मी जन्मभर प्यायलो होतो. घरात रांजण भरलेला असायचा, एवढंच मला माहीत. मला फार लाज वाटली. गाडी आली, तेव्हा मामांचा हात धरून मी त्यांना चढवलं.

सप्टेंबरात ऋतुजा पोचली. तिचा पहिला व्हिडिओ कॉल यायचा म्हणून मामा मुद्दाम ईटहून आले होते, पिशवीत खवा आणि बाटली घेऊन. ऋतुजानं आधी वर्ग दाखवले, लायब्ररी दाखवली.

"हे म्होरचं झालं," मामा म्हणाले.

ती हसली आणि फोन घेऊन हॉस्टेलच्या मागे गेली. तिथं दोरीवर परक्या टॉवेलांच्या रांगेत तिची पिवळी ओढणी वाळत होती. मग ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं नळ सोडला. "आजोबा, हे बघा. पाणी घरातच आहे. गरमसुद्धा येतं."

मामा बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिले. फोन बंद झाला. स्टँडवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्या जिवाला गार वाटलं.

"सूनबाई," मामा म्हणाले, "पानी दे गं."

बायकोनं सवयीनं त्यांची बाटली पुढे केली.

"ती नगं. घरातलं दे."

तिनं तांब्या भरून आणला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.