धोंडूबाबांच्या शिळेची मोहीम आणि चांदी म्हशीचा पराक्रम

ग्रामदेवतेस नारळ ठेवोन, पाली प्रांतीच्या धोंडूवाडीत जे रण माजले त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे काही घालीन तर अन्नाची आण.

पूर्वी धोंडूबाबा म्हणोन थोर पुरुष म्हशींचा कळप घेऊन घाट उतरले आणि या कातळावर गोठा घालून वाडी वसविते जाहले. त्यांचे पणतू राजश्री राजाभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, यांचे मनी आले की मूळपुरुषाचे नावे तिठ्यावर शिळा उभारावी आणि शिमग्यास मुंबईकर मंडळी येतील तेव्हा अनावरण करावे, की आपले वय जाहले, पुढला शिमगा कोणी पाहिला. मग जांभ्याची शिळा आली आणि अक्षरे कोरिली आणि गवंडी नितेश यांणी ती मोठ्या इतमामाने उभी केली.

दुसरे दिवशी शिळा आडवी. मग पुनश्च उभी केली, तो पुनश्च आडवी. मग नजरबाज बसविले, तो खबर आली की हौसाबाईंची चांदी नामे म्हैस चरावयास जाता शिळेस पाठ घासते, आणि सुख फार जाहले म्हणजे सगळे अंग टाकते. मग काटेरी कुंपणाचा कोट बांधिला, त्याणे चांदीची खाज अधिकच बरी भागली. मग तिजसाठी निराळा खांब रोविला, त्याकडे तिणे ढुंकोन पाहिले नाही. राजाभाऊंची झोप उडाली, जेवण जाईना, आणि संतापे फर्मान सुटले की म्हैस पालीच्या बाजारी विकावी.

हौसाबाई एकटी, आणि ती म्हैस हेच तिचे संस्थान. फर्मान ऐकोन ती राजाभाऊंचे पडवीत पदर खोचून उभी राहिली आणि बोलली, "तुमचे पणजोबा पुढं पावस गावाला चालले होते. म्हशीन हितं बसकण मारलीन, उठता उठंना, म्हणून ते र्‍हायले. तिच्याच वंशातली ही. हिला घालवताव, मग दगड कुणाचा लावताव?"

 ही कथा आजीचे तोंडोन राजाभाऊंनीही ऐकिली होती, ती शिळेवर घालावयाची राहिली याची त्यांस लाज वाटली. मग तह ठरला की शिळा कमरभर खोल पुरावी, तिची पाठ खडबडीत ठेवोन चांदीस इनाम द्यावी, आणि पुढे धोंडूबाबांचे नावाखाली 'व त्यांची म्हैस' इतके कोरावे.

शिमग्यास मुंबईकर मोबाईल परजोन हजर जाहले. शिळेवर राजाभाऊंची निवृत्तीसमयी मिळालेली भरजरी शाल झाकिली होती. राजाभाऊ तीस हात घालितात तो चांदी गर्दी चिरोन आली आणि आपल्या इनामास मनमुराद पाठ घासू लागली, आणि शाल शिंगांत अडकोन अंगावर पडली, ती तैशीच पांघरोन चरावयास चालती जाहली. शिळा तसूभर हलली नाही.

लोक शालीमागे धावो लागले, तो राजाभाऊंनी डोळे पुसोन हुकूम केला की कोणी धावो नये, मानवस्त्राची खिलत जेथे पोचावयाची तेथे पोचली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि चांदी सांजेस शालीसुद्धा गोठ्यात दाखल जाहली.