विषाणूंच्या वतीने मुजावर मास्तर

वटपौर्णिमा: कोडोलीच्या माझ्या रानात भुईमूग पेरला. जबाबदार: मी.
नागपंचमी: रोपे उपटली असता मुळांवर एकही गाठ आढळली नाही. जबाबदार: मुजावर मास्तर, असे तेव्हा माझे ठाम मत.
गणेश चतुर्थीची आदली दुपार: चावडीवर माझ्या तक्रारीची सुनावणी. जबाबदारी निश्चित व्हायची होती.

कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाने क्रम चुकवू नये, म्हणून हे आधी नमूद केले.

मुजावर मास्तर हे आमचे शेजारी, कोल्हापूरच्या शेतकी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पिशवीत सात जोड चपला असत. प्रत्येक जोडाला चिठ्ठी: माळ, ओढ्याकाठ, शाहूवाडी, चंदगड. एका रानाची माती दुसऱ्यात जाऊ नये, कारण तिच्यात विषाणू असतात. मास्तर माती पाण्यात कालवून चिनी मातीच्या गाळणीतून गाळत आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवाणूंवर त्या पाण्याचा थेंब सोडत. जिवाणूंच्या थराला भोके पडली की नातवाचा पहिला दात दाखवावा तशी बशी गावभर दाखवत.

"जिवाणू मारणाऱ्या या दरोडेखोरांचे एवढे कौतुक?" मी एकदा विचारले.

"दरोडेखोर न्हवं नाना, वाढपी हायती. एक जिवाणू फुटला की शेजारची धा घरं जेवत्यात. समदंच जगलं तर पंगत उठायची कवा?"

भुईमुगाच्या बियाण्याला लावायच्या जिवाणूंचे पाकीट त्यांनीच मला आणून दिले होते. या जिवाणूंच्या योगे मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो. गाठी धरल्या नाहीत, तेव्हा मला आठवले: पेरणीच्या दिवशी मास्तरांच्या पायांत 'शाहूवाडी' होती. म्हणजे तिकडचे विषाणू माझ्या रानात आले आणि पाकिटातले जिवाणू मेले.

मी सहा पानी तक्रार लिहिली. मास्तरांना गावातील कोणत्याही रानात पाऊल ठेवण्यास मनाई व्हावी, ही विनंती. मास्तरांना बायको नाही, मूल नाही; दिवस काढायला तेवढी रानेच. हे मला ठाऊक होते. तक्रारीत लिहिले नाही.

चावडीवर सरपंचांनी विचारले, "मास्तर, तुमचं म्हणणं काय?"

"व्हय, चप्पल चुकली. माझ्याच पायातनं विषाणू आलं असतील. करा मनाई."

तेवढ्यात दाराशी बसलेली माझी विधवा धाकटी बहीण शांता उठली.

"खोटं बोलत्यात. ती पाकिटातली पूड गुळाच्या गार पाण्यात कालवा म्हणालं हुतं. म्या कढतच पाणी वतलं. मास्तरांनी पातेल्याला हात लावला, अन् गप बसलं."

म्हणजे जिवाणू पातेल्यातच मेले होते. विषाणू निर्दोष.

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?" मी कडाडलो.

"पाकीट एकच हुतं, नाना. बोलून त्ये जितं झालं असतं व्हय? अन् तुमची चाहूल लागली तशी शांताबाईच्या हातातली पळी वाजाय लागली."

तक्रार मी तेथेच फाडली. माझी जमीन धड, माझा शेजारी धड. कित्येक आठवड्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. सरपंचही हसले.

तथापि मास्तर, एका मुद्द्याचा खुलासा अद्याप झालेला नाही. माझी सख्खी बहीण माझ्याच घरात मला भिऊन राहते, हे तुम्हांला एका पळीवरून कळले. मला इतक्या वर्षांत कळले नाही. ते मला तोंडावर सांगण्यापेक्षा सगळी राने सोडणे तुम्हांला सोपे का वाटले? मास्तर, याचे उत्तर ओसरीवर चहा घेताना नको. चावडीवर, गावासमोर, शांताला ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे.