सुधाकर आकडा बोलत नाही

मेहकरच्या बसस्टँडजवळ सुधाकरचं सलून आहे. तिथं आकडा चालत नाही. "किती वेळ लागेल?" विचारलं, की तो म्हणतो, "चहा पिऊन या." केस कापायच्या मशीनच्या टोप्यांवर नंबर असतात, तेही त्यानं वेगवेगळ्या रंगांच्या नेलपॉलिशनं झाकून टाकलेत. कुणी दोन नंबर मारायला सांगितलं, की हा शांतपणे दुरुस्त करतो, "हिरवी म्हना."

दहावीला त्याला गणित मीच शिकवलं. नापास झाला तेव्हा पेढे घेऊन घरी आला होता. गणित एकदाचं सुटलं म्हणून. आता पुढं काय करशील, असं मी जरा रागानंच विचारलं. तो माझ्या डोक्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मांगून कटिंग वाकडी झाली सर, कोनं केली?" मग लोणारला एका उस्तादाकडं राहून तो काम शिकला. तेव्हापासून माझं डोकं त्याच्याच हाती आहे.

मागच्या साली माझ्या बायकोला कॅन्सर निघाला. किमोनंतर उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. पार्लरवालीला बोलवू देईना. गल्लीभर होईल म्हणाली. शेवटी मी सुधाकरला सांगितलं. भर दुपारी दुकान बंद करून तो मागच्या दारानं आला. उरलेले केस त्यानं इतक्या हळू उतरवले, की तिला डुलकी लागली. जागी झाल्यावर तिनं विचारलं, केस परत कधी येतील? मी महिन्याचा हिशोब सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं मला डोळ्यानंच गप्प केलं.

"आधी जावळावानी येतीन, काकू. मी येतो ना पाह्याले."

आणि खरंच दर गुरुवारी येऊ लागला. डोक्यावरून तळवा फिरवायचा, म्हणायचा, "येऊन राह्यले." मला तर काहीच दिसत नसे. पण बायको गुरुवारी सकाळपासून खुशीत असायची.

किमो संपली. पुढं एका गुरुवारी त्यानं तळवा फिरवला आणि थांबला. "काकू, तुमीच हात लावून पाहा."

तिनं लावला. बोटांना टोचलं तशी ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. पिशवीची चेन लागत नव्हती, तो ओढत बसला होता.

"माह्या मायचे आले नव्हते, सर," खाली बघूनच तो म्हणाला. मग चेन तशीच उघडी ठेवून सलूनकडं गेला.