बोट ओढणारी गाडी

"वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये!" हे वाक्य काटेसाहेब दिवसातून सरासरी चार वेळा म्हणत. पाहुणे आले असले तर सहा वेळा.

त्यांना तसा अधिकारही होता म्हणा. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासायच्या खात्यात काढली होती. दुकानातल्या तराजूपासून ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यापर्यंत सगळीकडे त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र लागलेलं. म्हणून सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. बायकोसुद्धा म्हणे, पण फक्त रागावली की.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या साडूंनी मिळून एक मोटारबोट घेतली. अर्धी यांची, अर्धी त्यांची. बोट साडूंनी निवडायची आणि ती तलावापर्यंत ओढून न्यायला पिकअप काटेसाहेबांनी निवडायचा, अशी वाटणी ठरली. साडूंनी बोट एका सकाळी निवडली. काटेसाहेबांची निवड दोन वर्षं चालू होती! तोवर बोट आपल्या ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून, त्यांच्या घरामागच्या अंगणात बसून होती.

शेवटी साडूंचा धीर सुटला.

"या रविवारी बोट पाण्यात गेली नाही, तर मी माझा अर्धा भाग विकणार!"

"अर्धी बोट कोण घेणार?"

"ते मी बघतो. इंजिन माझ्या अर्ध्यात येतं, एवढं लक्षात ठेवा."

हे लागलं. इंजिनाशिवायची अर्धी बोट घेऊन काटेसाहेब तलावावर कुठल्या तोंडानं जाणार? त्यांनी वही काढली आणि बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर हिशेब मांडला.

"बोट सातशे ऐंशी किलो. ट्रेलर दोनशे ऐंशी. झाले एक हजार साठ. शोरूममधला सगळ्यात लहान पिकअप दीड हजार किलो ओढतो. संपला विषय! साधी बेरीज आहे."

"अहो, त्या बोटीबद्दल मला जरा—" बायको म्हणाली.

"आकडेमोड चालू असताना मध्ये बोलू नकोस गं! हातचा विसरतो."

बायको उठून आत गेली. साडूंनाही काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

गुरुवारी सकाळी शोरूमच्या बाई लहान पिकअप घेऊन दारात हजर झाल्या. पन्नाशीच्या, शांत, हातात फाइल. अशा बाई, की समोर भिंत कोसळली तरी आधी तारीख लिहून घेतील. काटेसाहेबांनी ऐटीत ट्रेलर गाडीच्या हुकाला अडकवला आणि गाडीची शेपटी खाली बसली. बसली म्हणजे काय, एखाद्या जाडजूड काकूंनी बाकाच्या एका टोकावर बसावं आणि दुसऱ्या टोकाच्या माणसानं वर जावं, तशी! पुढचे दिवे शेजाऱ्यांच्या गच्चीकडे बघायला लागले. गाडी गुरगुरली, चार बोटं पुढे सरकली आणि बंद पडली.

"दीड हजार किलो ना?" काटेसाहेबांनी बाईंकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहत. "हजार ओढताना ही अवस्था!"

"सर, बोट नक्की हजाराचीच आहे ना?"

"बाई, वजनाच्या बाबतीत मला कुणी—"

"बरं सर." बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

शुक्रवारी मधला पिकअप आला. दोन हजार किलो ओढणारा. हा निदान फाटकाबाहेर पडला. पोस्टाजवळच्या चढावर मात्र त्याच्या पोटातून जळका वास यायला लागला, आणि मग तो इंचाइंचानं मागे यायला लागला. मागे एक सायकलवाला होता. तो सायकल टाकून पोस्टात शिरला. साडू खाली उतरून एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे दगड लावत पळत होते. काटेसाहेब खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "फसवणूक आहे ही! उघड उघड फसवणूक! किलोमागे अर्धा किलो खातात हे लोक!"

पोस्टातले सगळे लोक बाहेर आले. ज्यांना मनिऑर्डर करायची होती, त्यांनीही ती बाजूला ठेवून बोट ढकलली.

घरी आल्यावर काटेसाहेबांनी जाहीर केलं, "उद्या मी हे प्रकरण तडीला नेणार. बोट वजनकाट्यावर चढवायची, लेखी पावती घ्यायची आणि त्या शोरूमवर खटला भरायचा!"

"वजनकाट्यावर?" साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, जाऊ द्या ना. मोठा पिकअप घेऊन टाकू. कशाला उगीच..."

"घाबरता काय? काटा खोटं बोलत नाही."

शनिवारी आला थोरला पिकअप. साडेतीन हजार किलोवाला. एवढा मोठा, की काटेसाहेबांना आत चढायला घरातलं स्टूल आणावं लागलं. त्यानं बोट सहज ओढली आणि जाता जाता फाटकाचा डावा खांबही सोबत घेतला. शोरूमच्या बाईंनी तेही लिहून घेतलं.

शहराबाहेरच्या वजनकाट्यावर मालट्रकांची रांग होती. काटेसाहेबांनी ओळखीवर पुढचा नंबर मिळवला. ट्रेलर काट्यावर सोडवला, पिकअप बाजूला काढला आणि छाती पुढे काढून ते खिडकीशी उभे राहिले.

"वाचा आकडा. मोठ्यानं वाचा. या बाईंना ऐकू द्या."

काट्याच्या मालकांनी वाचला, "दोन हजार दोनशे दहा."

"पुन्हा बघा."

"दोन हजार दोनशे दहा, साहेब."

काटेसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण एकतीस वर्षांची नोकरी एका क्षणात थोडीच हार मानणार!

"काटा बिघडलाय! तोलणं ताबडतोब बंद करा!"

"साहेब, मागे अकरा ट्रक उभे आहेत!"

"अकरा असोत नाहीतर एकशे अकरा! सदोष काट्यावर एक किलोही तोलू देणार नाही मी. या काट्याला मंजुरी दिली कुठल्या गाढवानं?"

मालकांनी भिंतीवरची चौकट काढून त्यांच्या हातात दिली. प्रमाणपत्राखाली सही होती. लफ्फेदार, शेवटी दोन टिंबं असलेली. काटेसाहेबांनी ती बराच वेळ वाचली. स्वतःची सही वाचायला माणसाला इतका वेळ लागल्याचं मालकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

रांगेत आता भोंगे वाजायला लागले. विटांच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर पंच्यानं हात पुसत पुढे आला.

"काका, ताडपत्री उघडून बघितलीत का?"

"त्यात काय बघायचंय? गाठी मी स्वतः मारल्यात. अकरा गाठी!"

"पुढून मारल्यात. मागून नुसती खोचलीय." आणि ड्रायव्हरनं मागचं टोक धरून ताडपत्री ओढली.

आधी दिसली व्यायामाची चालपट्टी, जिच्यावर काटेसाहेब सगळे मिळून तीन दिवस चालले होते. तिच्याखाली शिवणयंत्र. मासिकांची दोन पोती. मग न्हाणीघराच्या फरशांची चौदा खोकी. आणि तळाशी ओळीनं मांडलेली वीस-वीस किलोंची पंचवीस लोखंडी वजनं, नोकरीत बाद ठरवलेली आणि निवृत्त होताना आठवण म्हणून घरी आणलेली!

काटेसाहेबांनी घरी फोन लावला.

"अगं, बोटीत आपली सगळी अडगळ आहे!"

"आहेच मुळी. मीच ठेवलीय," बायको शांतपणे म्हणाली. "काही टाकायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. घरात पाय ठेवायला जागा नको? त्या दिवशी सांगायला आले, तर तुमचा हातचा विसरत होता."

"आणि या फरशा? आपल्याकडे फरशा कुठे होत्या?"

"त्या आपल्या नाहीत बाई!"

काटेसाहेब सावकाश वळले. साडू मन लावून आकाशातले ढग बघत होते.

"काय आहे," साडू ढगांकडेच बघत म्हणाले, "आमचं न्हाणीघर केलं, तेव्हा उरल्या होत्या. म्हटलं, अर्धी बोट आपलीच आहे. आणि मी माझ्याच अर्ध्यात ठेवल्यात. मोजून बघा."

खरोखरच एकही खोकं बोटीची मधली रेघ ओलांडून गेलं नव्हतं. दोन रांगा, प्रत्येकी सात.

पुढचा तासभर अकरा ट्रकांचे ड्रायव्हर, मालक आणि दोन साडू सामान उतरवून थोरल्या पिकअपच्या हौद्यात भरत होते. एका ड्रायव्हरनं चालपट्टी मागून घेतली, दुसऱ्यानं शिवणयंत्र. काटेसाहेबांना नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं. रिकामी बोट पुन्हा तोलली. एक हजार साठ. ना एक किलो जास्त, ना कमी!

काटेसाहेबांच्या अंगात एकदम जीव आला. "बघा! काय म्हणालो होतो मी? माझा आकडा चुकत नाही! चुकलं ते सामान!"

"मग सर, लहान पिकअप मागवू?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता!"

अर्ध्या तासात लहान पिकअप आला. बाईंनी सामानासकट थोरला पिकअप स्वतः चालवायला घेतला. मागे ड्रायव्हर मंडळी हात जोडून म्हणत होती, "काका, आता हला!" काटेसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले, मालकांची माफी मागितली, साडूंना शेजारी बसवलं आणि गाडी सुरू केली.

आणि काय सांगावं! गाडी वाऱ्यासारखी निघाली. उड्डाणपूल तिनं असा चढला, जसा काही उतारच आहे.

"बघताय ना?" काटेसाहेब गहिवरून म्हणाले. "मागे बोट आहे हे कळतसुद्धा नाहीये! याला म्हणतात निवड!"

"मानलं तुम्हाला!" साडूही विरघळले. "मी उगीच अर्ध्या बोटीचं बोललो."

तेवढ्यात मागून थोरला पिकअप जोरजोरात भोंगा वाजवत आला. बाई खिडकीतून हात हलवत होत्या.

"अभिनंदन करतायत," काटेसाहेब म्हणाले आणि त्यांनीही हात हलवला.

मग फोन वाजला. काट्याचे मालक होते.

"साहेब, रागावू नका, पण पुढचा ट्रक चढवायचाय आणि काटा काही शून्यावर येत नाही."

"आता किती दाखवतोय?"

"एक हजार साठ."

काटेसाहेबांनी गाडी कडेला घेतली. आरशात त्यांना मागचा रस्ता अगदी स्वच्छ, थेट पुलाच्या टोकापर्यंत दिसत होता.

"मला वाटलं, हुक तुम्ही लावला," साडू म्हणाले.

"काटा बरोबर आहे," काटेसाहेब फोनवर हळूच म्हणाले. "आम्ही येतोय."